फोनची चाळिशी

मे महिन्याच्या अखेरीस घणसोली गावात एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. पूर्वेला पारसिकचे डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मध्ये दाटीवाटीने उभे असलेले जुने गावठाण. त्यांच्या घरातली मुलगी नुकतीच दहावी झालेली. अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरण्याची गडबड चालू होती. मुंबईच्या परिसरात हे प्रवेश बऱ्याच वर्षांपासून ऑनलाइन होत आले आहेत, आणि २०२५ पासून साऱ्या राज्यातच तसे होऊ लागले. त्यामुळे दाखले आणि ओळखपत्रे यांचे फोटो काढून ती फोनमधूनच तयार ठेवायची, ही आता घरोघरची उन्हाळी कामगिरी होऊन बसली आहे.

मुलीच्या हातात तिच्या दादाचा कोरा करकरीत, चांगला महागाचा फोन होता. जातीच्या दाखल्याचा फोटो एका झटक्यात आला. अक्षर न् अक्षर वाचता येत होते. मग तिने आधार कार्ड टेबलावर ठेवले. स्कॅन करण्याच्या ॲपमध्ये पडद्यावर एक आयताकृती चौकट दिसते आणि ‘कार्ड चौकटीत बसवा’ अशी सूचना येते. तिने सूचनेप्रमाणे फोन खाली खाली नेला. चौकट भरली, पण अक्षरे पुसट झाली. फोन हलवला, पुन्हा धरला, भिंग रुमालाने पुसले, तरी तेच! शेवटी वैतागून तिने आईचा जुना, काचेला तडा गेलेला फोन घेतला, आणि काय आश्चर्य! त्या फोनने तेच कार्ड तेवढ्याच जवळून लख्ख टिपले.

“दादाला दुकानदाराने फसवलं,” असा निकाल आईने दिला. आजोबा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, “अगो, जरा लांब धर ना! एवढ्या जवळून मला तरी कुठं दिसतं?”

सगळे हसले. पण आजोबांचे म्हणणे अगदी बरोबर होते, आणि ते का बरोबर होते हेच आपल्याला या लेखात पाहायचे आहे. दुकानदार निर्दोष होता. फोनही निर्दोष होता. एक धागा मात्र आताच ध्यानात ठेवा: त्याच फोनने मोठा दाखला नीट टिपला, लहान कार्ड मात्र टिपले नाही.

भिंग आणि भिंत

प्रथम एक जुनाच प्रयोग करू. शाळेच्या प्रयोगशाळेतले किंवा घरातले एखादे बहिर्वक्र भिंग घ्या. दिवसा खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभे राहून भिंग भिंतीपासून मागेपुढे करा. एका ठराविक अंतरावर बाहेरच्या इमारतीची किंवा दूरच्या डोंगराची लहानशी, उलटी, सुरेख प्रतिमा भिंतीवर उमटेल. भिंग व भिंत यांच्यातील हे अंतर म्हणजे त्या भिंगाचे नाभीय अंतर होय. समजा, ते १० सेमी भरले.

आता अंधाऱ्या खोलीत पेटती मेणबत्ती भिंगापासून ३० सेमीवर ठेवा. ज्योतीची प्रतिमा १० सेमीवर मिळणार नाही. ती मिळवण्यासाठी भिंग भिंतीपासून १५ सेमी दूर न्यावे लागेल. मेणबत्ती २० सेमीवर आणली तर भिंगही भिंतीपासून २० सेमीवर न्यावे लागते. मेणबत्ती आणखी जवळ आणत गेलात, तर भिंग झपाट्याने मागे घ्यावे लागते, आणि ती बरोबर १० सेमीवर आली की भिंतीवर प्रतिमा कुठेच मिळत नाही. म्हणजे वस्तू जितकी जवळ, तितके भिंग पडद्यापासून अधिक दूर. कॅमेऱ्याच्या फोकसचे सारे गणित या एका ओळीत आहे.

फोनच्या कॅमेऱ्यात भिंतीच्या जागी संवेदक असतो. प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे लक्षावधी सूक्ष्म कप्पे, म्हणजे पिक्सेल, त्याच्यावर ओळीने मांडलेले असतात. भिंगही एकटे नसते. प्लॅस्टिकच्या अनेक भिंगांची ती चळत असते. पण आपल्या कामापुरते आपण तिला एकच भिंग मानू. ही चळत मागेपुढे सरकवणारी यंत्रणा तुमच्या ओळखीची आहे. लोहचुंबक आणि त्याच्याजवळ तारेचे वेटोळे. वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते सरकते. ध्वनिक्षेपकाचा पडदा याच तत्त्वावर हलतो.

ही चळत किती सरकावी लागते, ते भिंगाच्या सूत्रावरून काढता येते. दहावीतले सूत्र थोडे फिरवून मांडले की असे मिळते:

भिंगाचे सरकणे = (नाभीय अंतर × नाभीय अंतर) ÷ (वस्तूचे अंतर − नाभीय अंतर)

येथे ‘सरकणे’ म्हणजे दूरच्या डोंगरासाठी भिंग जेथे असते, तेथून ते किती पुढे यावे लागते ते. मेणबत्तीच्या प्रयोगातले आकडे घालून सूत्राची खात्री करून घ्या. १० चा वर्ग १००, भागिले (३० − १०), म्हणजे ५ सेमी. भिंग खरोखरच १० वरून १५ सेमीवर गेले होते.

महाग फोन का हरला?

आता फोनकडे वळू. आईच्या जुन्या फोनसारख्या साध्या फोनमधील मुख्य भिंगाचे नाभीय अंतर ४ मिमीच्या आसपास असते. नव्या, महागड्या फोनमध्ये संवेदक मोठा बसवतात, कारण मोठ्या संवेदकावर प्रकाश जास्त पडतो आणि संध्याकाळचे, रात्रीचे फोटो चांगले येतात. पण संवेदक मोठा झाला की, तेवढेच दृश्य त्याच्यावर पसरवण्यासाठी नाभीय अंतरही वाढवावे लागते. ते ६ ते ७ मिमीपर्यंत जाते. ४ मिमी आणि ७ मिमी! पाहायला गेले तर फरक तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नाही. पण सूत्रात नाभीय अंतराचा वर्ग आहे, हे विसरू नका. ४ चा वर्ग १६, तर ७ चा ४९, म्हणजे तिपटीहून अधिक.

समजा, दोन्ही फोनमधील भिंग जास्तीत जास्त पाव मिलिमीटर सरकू शकते. फोन पातळ हवा असल्यामुळे भिंगाला याहून फारशी मोकळीक देता येत नाही. आता सूत्र उलट वापरून ‘वस्तू जास्तीत जास्त किती जवळ आणता येईल’ ते काढा. ४ मिमीच्या भिंगासाठी १६ ÷ ०.२५ = ६४, त्यात ४ मिळवले की ६८ मिमी, म्हणजे सुमारे ७ सेमी. ७ मिमीच्या भिंगासाठी ४९ ÷ ०.२५ = १९६, त्यात ७ मिळवले की २०३ मिमी, म्हणजे सुमारे २० सेमी.

निकाल लागला! जुना फोन ७ सेमीपर्यंत जवळचे स्पष्ट पाहू शकतो, नव्या फोनला मात्र २० सेमीच्या अलीकडचे स्पष्ट दिसूच शकत नाही. प्रत्येक फोनचा हा आकडा थोडा वेगळा असेल, पण मोठ्या संवेदकाच्या अनेक फोनमध्ये तो १५ ते २५ सेमीच्या दरम्यान आढळतो.

आता तो दाखल्याचा धागा उचला. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला २० सेमीवरून सुमारे २८ सेमी लांबीचे दृश्य दिसते. दाखल्याचा कागद ए-४ आकाराचा, म्हणजे २९.७ सेमी लांब. तो चौकटीत मावण्यासाठी मुलीने फोन आपोआपच २१ सेमीच्या पलीकडे धरला होता. कार्डाची लांबी मात्र ८.५६ सेमी. आधार कार्ड, एटीएमचे कार्ड, वाहन चालवण्याचा परवाना, या सर्वांचे एकच आंतरराष्ट्रीय माप ठरलेले आहे: ८५.६ मिमी × ५४ मिमी. एवढेसे कार्ड पडद्याच्या कडेपासून कडेपर्यंत भरायचे, तर फोन सुमारे ६ सेमीवर आणावा लागतो. ‘चौकटीत बसवा’ या सूचनेनेच तिला फोनच्या मर्यादेच्या आत ओढून नेले होते.

आपल्या डोळ्यांचेही असेच आहे. डोळ्यातले भिंग पुढेमागे सरकत नाही, ते जाड-बारीक होते. पण वय वाढले की ते ताठर बनते आणि जवळचे दिसेनासे होते. वर्तमानपत्र हात लांब करून वाचावे लागते. मराठीत या दोषालाही चाळिशी म्हणतात आणि त्यावरच्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतात. दादाच्या फोनला जन्मतःच चाळिशी लागलेली होती, आणि आजोबांनी स्वानुभवावरून ती ओळखली!

अस्पष्ट म्हणजे किती अस्पष्ट?

मर्यादेच्या आत गेल्यावर अक्षरे नेमकी किती पुसट होतात, हे काढण्यासाठी भूमितीतले समरूप त्रिकोण पुरे आहेत.

वहीवर एक आडवी रेघ काढा. तिच्या डाव्या टोकाला भिंगाचे तोंड, म्हणजे ज्या गोल वाटेने प्रकाश आत शिरतो ते छिद्र, दाखवणारी उभी रेघ काढा. नव्या फोनमध्ये या छिद्राचा व्यास ४ मिमी धरू. (माहितीपत्रकात ‘एफ/१.८’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ नाभीय अंतराला १.८ ने भागले की व्यास मिळतो. ७ ÷ १.८ म्हणजे जवळजवळ ४.) आता २० सेमीवर एक बिंदू घ्या आणि छिद्राच्या दोन्ही कडांपासून त्या बिंदूकडे रेषा काढा. एक लांबट त्रिकोण तयार झाला. फोनने आपला फोकस २० सेमीवर लावलेला असतो, तेव्हा संवेदकावरच्या एका बिंदूत या त्रिकोणातला सारा प्रकाश गोळा होतो. कार्ड जर २० सेमीवरच असेल, तर कार्डावरच्या एकाच बिंदूचा प्रकाश तेथे पोहोचेल. पण कार्ड १० सेमीवर असेल तर? तेथे त्रिकोणाची रुंदी किती आहे, ते मोजा. निम्मे अंतर, म्हणून रुंदीही निम्मी, म्हणजे २ मिमी. कार्डावरच्या २ मिमी व्यासाच्या वर्तुळातील सगळी शाई आणि सगळा पांढरा भाग एकाच बिंदूत कालवला जातो. कार्डावरचा बारीक मजकूर २ मिमी उंचीचा असेल, तर अख्खे अक्षर त्या वर्तुळात बुडाले.

याच रीतीने १५ सेमीवर वर्तुळ १ मिमीचे, आणि १९ सेमीवर ०.२ मिमीचे येते. २० सेमीच्या पलीकडे मात्र काळजी नाही, कारण तेथे कोठेही फोकस लावायला भिंग मोकळे असते.

या आकृतीतून आणखी एक गोष्ट निघते. त्रिकोणाचा पाया लहान केला तर वर्तुळही लहान होईल. काळ्या जाड कागदाला १ मिमीचे छिद्र पाडून तो फोनच्या भिंगाला अगदी चिकटवून धरा आणि १० सेमीवरच्या कार्डाकडे पाहा. कडेचा भाग काळा पडेल, पण मधली अक्षरे पहिल्यापेक्षा ठसठशीत दिसतील. वर्तुळ आता अर्ध्या मिमीचे झाले. अर्थात प्रकाश सोळावा हिस्साच आत जातो, म्हणून हा प्रयोग भर उन्हात करावा. स्कॅनिंगसाठी हा उपाय मी सुचवणार नाही, पण आकृती खरी बोलते याची खात्री पटवण्यासाठी तो उत्तम आहे.

तुमच्या फोनची मर्यादा मोजा

यासाठी एक फूटपट्टी, बारीक छपाईचा कागद आणि एक मित्र पुरे. आधार कार्डावर प्रयोग करत बसू नका. त्याचे डझनभर फोटो फोनमध्ये पडून राहणे बरे नव्हे. कागद भिंतीला चिकटवा. फोनचा मुख्य कॅमेरा निवडा आणि फोन कागदापासून ४० सेमीवर धरा. पडद्यावरच्या अक्षरांवर बोटाने टिचकी मारा, फोकस लागू द्या. मग दर वेळी २ सेमी जवळ येत जा आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा टिचकी मारा. जेथे टिचकी मारूनही अक्षरे पुसटच राहतात, तेथे थांबा. मित्राने भिंगापासून कागदापर्यंतचे अंतर मोजावे. तीनदा मोजून सरासरी घ्या.

एक सावधगिरी हवी. दोन-तीन भिंगांच्या काही फोनमध्ये वस्तू फार जवळ आली की फोन तुम्हाला न विचारता दुसऱ्या, जवळचे पाहणाऱ्या भिंगाकडे वळतो. त्या क्षणी पडद्यावरचे दृश्य एकदम बाजूला उडी मारते. ती उडी दिसली की समजा, मुख्य भिंगाची मर्यादा संपली. कार्ड स्कॅन करताना हे बदललेले भिंग वापरायला हरकत नाही, पण फोन त्या सीमेवरच धरला तर तो दोन भिंगांमध्ये चाळे करीत राहतो. फोनच्या पुढच्या बाजूच्या, म्हणजे स्वतःचे फोटो काढण्याच्या कॅमेऱ्याने कार्ड टिपण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. अनेक फोनमध्ये त्याचे भिंग हलतच नाही; ते हातभर अंतरावरच्या चेहऱ्यासाठी कायमचे बसवलेले असते.

वर्गात वीस-पंचवीस मुलांच्या घरच्या फोनची मापे जमली, तर शिक्षकांनी ती फळ्यावर चढत्या क्रमाने लिहावीत आणि शेजारी फोन किती जुना ते लिहावे. नवे फोन यादीत कोणत्या बाजूला जातात, ते मुलांनाच शोधू द्यावे.

मागे सरा, मग मोठे करा

तर उपाय काय? आजोबांचाच: कार्ड लांब धरायचे. पण लगेच शंका येईल की २० सेमीवरून कार्ड लहान दिसेल आणि अक्षरांचा तपशील जाईल. ही शंका योग्य आहे. म्हणून हिशेब करू.

२० सेमीवर दिसणाऱ्या २८ सेमी दृश्यात कार्ड साडेआठ सेमीचे, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मोठा फोटो ४००० पिक्सेल लांबीचा असेल, तर दर मिलिमीटरला १४ पिक्सेल येतात. छापील अक्षरे वाचायला एवढे पुरे आहेत. अडचण येते ती क्यूआर कोडची. जपानमधील डेन्सो कंपनीत १९९४ साली मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी तयार केलेला हा चौकोनी कोड. त्याचे सर्वांत लहान रूप २१ × २१ घरांचे, तर सर्वांत मोठे १७७ × १७७ घरांचे असते. जितका मजकूर जास्त, तितकी घरे जास्त आणि बारीक. तुमच्या पाठ्यपुस्तकांवरच्या कोडमध्ये फक्त एक पत्ता असतो, म्हणून त्याची घरे मोठी आणि तो चटकन वाचला जातो. (पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग करणारे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, हे तुम्हाला ठाऊक असेलच.) आधार कार्डाची गोष्ट वेगळी. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. आता त्या कार्डावरच्या कोडमध्ये नाव, पत्ता, एवढेच नव्हे तर लहानसा फोटोही भरलेला असतो. म्हणून त्याची वीण अत्यंत घट्ट.

उदाहरणादाखल, २५ मिमी बाजूच्या कोडमध्ये एका ओळीत ९७ घरे आहेत असे धरा. एक घर सुमारे ०.२६ मिमीचे झाले. १० सेमीवरचे आपले २ मिमीचे पुसट वर्तुळ अशा सात-आठ घरांवर पसरते. मग कोड वाचला जाणार कसा? १९ सेमीवरचे ०.२ मिमीचे वर्तुळसुद्धा जवळजवळ घराएवढे आहे. म्हणून मर्यादेच्या एक सेमी आत जाणेही अशा कोडला परवडत नाही.

२० सेमीवर मागे गेल्यावर दुसरी अडचण उभी राहते. स्कॅन करणारी ॲप वेगासाठी बहुधा पूर्ण फोटो वापरत नाहीत. ती चलत्चित्राच्या एकेका चौकटीवर काम करतात. ती चौकट १९२० पिक्सेल लांबीची धरली, तर दर मिलिमीटरला सातच पिक्सेल आणि एका घराला दोनही नाहीत. काळे घर कोठे संपले आणि पांढरे कोठे सुरू झाले, हे सांगायला निदान दोन-तीन तरी हवेत. आता पडद्यावर दोन बोटे पसरून दृश्य दुप्पट मोठे करा. संवेदकावर पिक्सेल भरपूर असतात. दृश्य मोठे केले की फोन त्यांतला फक्त मधला भाग घेतो आणि तीच १९२० पिक्सेलची चौकट त्यातून भरतो. घराला आता साडेतीन पिक्सेल मिळाले. कोड वाचला गेला!

छापील फोटो भिंगाखाली धरला म्हणजे त्यात नवा तपशील उगवत नाही, हे खरे. पण येथे तपशील संवेदकावर आधीच होता. तो ॲपपर्यंत पोहोचत नव्हता इतकेच. म्हणून दुप्पट, फार तर तिप्पट. त्यापुढे ताणू नका, कारण तेथे काही फोन दूरचे पाहणाऱ्या लांब नाभीय अंतराच्या भिंगाकडे वळतात आणि त्याची जवळची मर्यादा आणखी मागे असते. का, ते वरच्या सूत्रावरून तुम्ही आता सांगू शकाल.

फोन फोकस शोधतो कसा?

कार्ड योग्य अंतरावर आहे, तरी फोन चाचपडत राहतो, असाही अनुभव येतो. फोनला ‘स्पष्ट’ म्हणजे काय हे कोण सांगते? जुनी युक्ती अशी: शेजारशेजारच्या पिक्सेलमधील उजेडाचा फरक मोजायचा. चित्र पुसट असेल तेव्हा काळे-पांढरे एकमेकांत मिसळून फरक कमी होतो. स्पष्ट असेल तेव्हा फरक सर्वांत जास्त. मग डोळे बांधून पारसिकचा डोंगर चढणाऱ्या माणसासारखे वागायचे. एक पाऊल टाकायचे, चढ लागला तर आणखी पुढे, उतार लागला तर मागे. शिखर ओलांडून उतार लागल्यावरच कळते की शिखर मागे राहिले. पडद्यावरचे चित्र एकदा पुसट, एकदा स्पष्ट होत डुलते, ते यामुळे. बऱ्याच नव्या फोनमध्ये याच्या जोडीला दुसरी युक्ती असते. भिंगाच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागांतून आलेली चित्रे ताडून, भिंग कोणत्या दिशेला आणि साधारण किती सरकवायचे, हे एकदम काढले जाते.

यावरून तीन-चार गोष्टी सहज कळतात. चौकटीच्या मध्यभागी कार्डाचा कोरा भाग आला, तर तेथे ना चढ ना उतार, फोन भटकतो. म्हणून ठळक अक्षरांवर किंवा कोडच्या कडेवर बोटाने टिचकी मारावी. कार्ड पांढऱ्या टेबलावर न ठेवता गडद चादरीवर ठेवले, तर ॲपला त्याच्या कडाही चटकन सापडतात. उजेड कमी असेल तर पिक्सेलमध्ये विजेचा गोंगाट वाढतो. डोंगरावर जिकडेतिकडे खोटे उंचवटे तयार होतात आणि फोन त्यांतल्याच एखाद्यावर थांबतो. भिंगावर बोटाचा तेलकट ठसा असेल, तर सगळा डोंगरच सपाट होतो. आणि कार्ड मर्यादेच्या आत असेल, तर चढ लागलेला असतानाच वाट संपते. त्या मुलीने फोन कितीही हलवला तरी उपयोग झाला नाही, तो याच कारणाने.

उजेडाबद्दल थोडे अधिक. गावठाणात घरे इतकी खेटून असतात की आतल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. मग फोनची विजेरी लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. विजेरी भिंगापासून जेमतेम सेंटिमीटरभर अंतरावर असते आणि कार्ड चकचकीत. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असल्यामुळे तिचा प्रकाश कार्डाच्या ऐन मध्यावरून सरळ भिंगात परततो. मजकुराच्या जागी पांढरा डाग उरतो. जुने, पिवळे पडलेले कागद लॅमिनेट करून ठेवण्याची पद्धत आहे. जमिनीचे उतारे, प्रकल्पग्रस्त असल्याचे दाखले घणसोलीसारख्या गावात जिवापाड जपलेले असतात. त्यांचे फोटो काढताना ही चकाकी फार छळते. कार्ड दाराशी किंवा खिडकीशी असे ठेवा की उजेड एका बाजूने, तिरका येईल. तो कार्डावरून परावर्तित होऊन समोरच्या बाजूला निघून जाईल, वर धरलेल्या फोनकडे येणार नाही. खिडकी खाडीच्या बाजूची असेल, तर तिसऱ्या प्रहरी तेथून थेट ऊन येते. त्या वेळी पातळ पांढरे कापड आड धरावे. चकाकी चुकवण्यासाठी फोन तिरपा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्यामुळे कार्डाची एक कड जवळ येते, दुसरी लांब जाते, आणि दोन्हींवर एकाच वेळी नीट फोकस लागणे कठीण होते. फोन कार्डाला समांतरच हवा.

आणि हात हलल्याने येणारा पुसटपणा वेगळा बरे! तो ओळखण्याची खूण सोपी आहे. फोकस चुकला असेल तर टिंबाची गोल चकती होते. हात हलला असेल तर टिंबाची एका दिशेला ओढलेली रेघ होते. पहिल्यावर उपाय अंतर, दुसऱ्यावर उपाय टेकू. पाठ्यपुस्तकांची २० सेमी उंच चळत रचा, फोनचा कॅमेऱ्याकडचा भाग तिच्या कडेबाहेर येईल असा ठेवा, वर वजन म्हणून एखादी वही ठेवा आणि कार्ड खाली सरकवा. फोटो काढण्यासाठी तीन सेकंदांचा अवधी लावला म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही.

आजोबांचा चष्मा

घणसोलीच्या त्या घरी आम्ही शेवटी हेच केले. पुस्तकांची चळत, दाराशी आलेला उजेड, दुप्पट मोठे केलेले दृश्य. दादाच्या फोनने कार्ड इतके सुरेख टिपले की आईच्या फोनचा फोटो त्यापुढे फिका वाटला. दुकानदाराची अब्रू वाचली.

मग आजोबांनी विचारले, “मला लांब धरायचा कंटाळा आला की मी चष्मा लावतो. याला नाही का चालत?”

चालतो! त्यांचा वाचायचा चष्मा दादाच्या फोनच्या भिंगासमोर धरला आणि फोन हळूहळू खाली आणला. २० सेमीच्या बरेच अलीकडे, १३ सेमीच्या जवळपास अक्षरे स्पष्ट दिसत राहिली. भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात. १०० ला सेंटिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागले की ती मिळते. २० सेमीवर फोकस लावणे म्हणजे १०० ÷ २०, असे ५ डायॉप्टरचे काम. ते फोनच्या आवाक्यात होते. चष्म्याने त्यात आपली शक्ती मिळवली. १३.३ सेमीवर पाहायला १०० ÷ १३.३, म्हणजे ७.५ डायॉप्टर लागतात. वजाबाकी करा: अडीच. आजोबांनी घरातून चष्म्याच्या नंबराचा कागद शोधून आणला; त्यावर २.५ असेच लिहिलेले होते.

तुमच्या घरीही जवळचे वाचण्याचा चष्मा असेलच. (दूरचे पाहण्याचा उणे नंबरचा चालणार नाही, तो लावला तर मर्यादा उलट मागे जाईल.) तुमच्या फोनची मर्यादा चष्म्याशिवाय आणि चष्म्यासह मोजा, दोन्हींनी १०० ला भागा आणि वजाबाकी करा. कागद पाहण्याआधी नंबर सांगायचा, अशी अट घाला. दोन काचांचे नंबर वेगवेगळे असतील, तर तेही वेगवेगळे काढता येतात का, ते करून पाहा.